पेशी जिथे वाढते ती जमीन: मूलपेशी, लेप आणि प्रतिकारसंस्थेवरचे उपचार

मृण्मयी_त (धागाकर्ती)

"मूलपेशींच्या उपचारांबद्दल वीस वर्षं ऐकतोय, मग अडलंय कुठे?" हा प्रश्न मला घरीदारी सगळीकडे विचारला जातो. मी याच पेशी वाढवायचं काम करते. उत्तराचा एक तुकडा तरी रोज माझ्या हाताखालून जातो, म्हणून हा धागा काढते आहे. माझ्या मते बरंचसं अडलंय ते अगदी खाली, पेशी ज्या पृष्ठभागावर वाढवतो तिथे.

आधी कोणत्या पेशींबद्दल बोलतोय ते. मज्जेत (हाडांच्या आतल्या मऊ गरात), चरबीत, नाळेत सापडणाऱ्या मेसेंकायमल मूलपेशी. सगळे त्यांना एमएससी म्हणतात, मीही तेच म्हणेन. प्लास्टिकला चिकटून राहणाऱ्या आणि एकेकीपासून अख्खी वसाहत उभी करणाऱ्या मज्जेतल्या या पेशी अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी दाखवून दिल्या. 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ साली दिलं. तेव्हा सगळ्यांचा डोळा हाड आणि कूर्चा यांच्यावर होता. पुढे २०१७ मध्ये त्याच कॅप्लान यांनी लिहिलं की आता नाव बदला, यांना 'मेडिसिनल सिग्नलिंग सेल' म्हणा. आपणच ठेवलेलं आणि जगभर रुळलेलं नाव मागे घ्या म्हणणारा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की या पेशी शरीरात गेल्यावर स्वतः हाड किंवा कूर्चा बनून राहत नाहीत. त्या आजूबाजूच्या पेशींना निरोप पाठवतात, आणि त्यातला मोठा निरोप असतो प्रतिकारसंस्थेला: शांत हो.

हा निरोप रसायनांचा असतो. माणसाच्या एमएससींमध्ये आयडीओ नावाचं एन्झाइम तयार होतं, ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून त्याचं काइन्युरेनिन करतं. ट्रिप्टोफॅन संपलं की चवताळलेल्या टी पेशींची, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्या हल्लेखोर पेशींची, वाढ थांबते. शिवाय शांत करणारे आणखी रेणू आहेत: प्रोस्टाग्लँडिन ई२, टीएसजी-६, पीडी-एल१. पण मेख अशी की एमएससी हे सगळं आपणहून करत नाहीत. त्यांना आधी दाहाची चाहूल लागावी लागते. ती चाहूल म्हणजे दाहाच्या वेळी प्रतिकारपेशी सोडतात ती प्रथिनं: मुख्यतः इंटरफेरॉन-गॅमा, जोडीला टीएनएफ किंवा आयएल-१. चाहूल नाही तर कामही नाही.

आता आम्ही त्यांना वाढवतो कसं ते बघा. मज्जा मऊ असते, तिचा कडकपणा फार तर काही किलोपास्कल. पेशी वाढवायचा फ्लास्क पॉलिस्टायरीनचा, त्याचा कडकपणा गिगापास्कलमध्ये मोजतात. म्हणजे लाखो पटींचा फरक. डिशर आणि एंगलर या संशोधकांच्या गटाने २००६ साली दाखवलं, की नुसता खालचा जेल मऊ-कडक केला तरी याच पेशी वेगळ्या वाटेला लागतात: १ किलोपास्कलच्या खाली चेतापेशींसारख्या, १० च्या आसपास स्नायूंसारख्या, ३० च्या आसपास हाडासारख्या. पुढे २०१४ मध्ये अ‍ॅन्सेथ यांच्या गटाने दाखवलं की कडक पृष्ठभागावर पुरेसे दिवस राहिलेली पेशी नंतर मऊ जागी नेली तरी तो कडकपणा लक्षात ठेवते. आम्ही त्यांना आठवडेच्या आठवडे प्लास्टिकवर ठेवतो, मग ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवतो, गोठवतो, वितळवतो आणि रुग्णाच्या शिरेत सोडतो. त्या गोंधळल्या तर दोष त्यांचा कसा?

इथे लेप येतो. प्लास्टिक तेच ठेवायचं, पण त्यावर नॅनोमीटर जाडीचा असा थर चढवायचा की पेशीला वाटावं आपण घरच्याच मातीत आहोत. याच्या पुष्कळ पद्धती आहेत. मी ज्यावर काम करते ती थरावर थर पद्धत: हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध म्हणून ओळखीचं) आणि कोलॅजेन (कातडी-हाडांतलं प्रथिन).

हेपारिनवर भरपूर ऋण भार असतो. आम्लधर्मी द्रावणात कोलॅजेनवर धन भार असतो. डिश आधी हेपारिनमध्ये बुडवायची, धुवायची, मग कोलॅजेनमध्ये, पुन्हा धुवायची, पुन्हा हेपारिन. प्रत्येक बुडीला थोडंसं चिकटतं आणि भार उलटला की आपोआप थांबतं. म्हणून थराची जाडी आपल्या हातात राहते. ऐकायला सोपं. करायला बसलं की दुपार कधी सरली ते कळत नाही, आणि सातव्या बुडीला आपण सहाव्यात होतो की सातव्यात, हे वहीत खूण केली नसेल तर देवालाच ठाऊक.

पहिल्यांदा केलं तेव्हाचं सांगते. थर सुरेख बसला होता. रासायनिक बंध घालून तो पक्का करायची पायरी मी उद्यावर टाकली आणि सरळ मीडिया (पेशींना वाढवायचं पोषक द्रावण) ओतून पेशी सोडल्या. मीडियाचा पीएच ७.४. त्या पीएचला कोलॅजेनचा धन भार जवळजवळ उरतच नाही, मग हेपारिनला धरून ठेवणार कोण? सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर थर कडांपासून सुटून चटईसारखा गुंडाळला गेला होता, आणि त्या गुंडाळीच्या घड्यांमध्ये माझ्या पेशी गोल गोल होऊन अडकल्या होत्या. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ती पायरी मी कधी चुकवली नाही.

पण हेपारिनच का? कारण इंटरफेरॉन-गॅमाच्या शेपटाकडे धन भाराच्या अमिनो आम्लांचा एक पुंजका असतो आणि तो हेपारिनच्या कुळातल्या रेणूंना घट्ट धरतो. शरीरात हेच होतं: पेशींभोवतीचं हेपारान सल्फेट, हेपारिनचंच भावंड, इंटरफेरॉनला पकडून ठेवतं, त्याला मोडू देत नाही. म्हणजे हेपारिनचा लेप हा नुसता बिछाना राहत नाही, चाहूल पोचवणारा शेजारी होतो. अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठात या हेपारिन-कोलॅजेन थरांवर एमएससी वाढवून इंटरफेरॉन-गॅमाला त्यांचा प्रतिसाद तपासला गेला आहे. वाढ, आकार आणि स्राव, तिन्हींत फरक पडतो. पेशी तीच, औषध तेच, खालची जमीन वेगळी.

बाकीच्या लेपांबद्दल प्रतिसादांत बोलू. प्रश्न विचारा, मनापासून उत्तरं देईन.

वाटसरू७

लेख आवडला. गुंडाळलेल्या थराचं वर्णन वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं.

एक मूलभूत प्रश्न. पेशींना इंजेक्शनाआधी इंटरफेरॉन-गॅमा थेट मीडियात मिसळून दिलं तर काम होत नाही का? लेपाची उठाठेव कशाला?

मृण्मयी_त

होतं, आणि तसं करतातही. अडचणी दोन-तीन आहेत. मीडियात टाकलेलं इंटरफेरॉन महाग असतं, ते हळूहळू मोडत जातं आणि मीडिया बदलला की त्याबरोबर वाहून जातं. लेपात धरून ठेवलं तर थोडक्यात भागतं आणि पेशीला ते जिथे लागतं तिथेच, तिच्या पोटाखाली मिळतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंटरफेरॉनने पेशींवर एचएलए-डीआर ही ओळखखूण उगवते. २००६ साली एमएससी म्हणजे काय याचे निकष ठरले, त्यांत पेशीच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही प्रथिनं हवीत आणि एचएलए-डीआर नको असं आहे. डीआर दिसलं की रुग्णाची प्रतिकारसंस्था परक्या पेशीला लवकर ओळखू शकते. म्हणून 'जितकं जास्त तितकं चांगलं' हे इथे अजिबात चालत नाही. मात्रा नेमकी हवी, आणि लेप मला आवडतो तो मात्रा हातात राहते म्हणून.

रक्तपेढी_रहिवासी

मी रक्तविकारांच्या विभागात काम करतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

मज्जारोपणानंतर दात्याच्या टी पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. कातडी सोलवटते, यकृत बिघडतं, आतड्यातून दिवसाला लिटरच्या हिशेबात पाणी जातं. पहिलं औषध स्टेरॉइड. ते लागू पडलं नाही तर पुढची वाट बिकट. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कतारिना ले ब्लांक आणि सहकाऱ्यांनी एका ९ वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. आतडं आणि यकृताचा चौथ्या श्रेणीचा जीव्हीएचडी, काहीच लागू पडत नव्हतं. आईच्या मज्जेतल्या एमएससी दिल्या आणि मूल सावरलं. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो लेख वाचून या वाटेवर पाऊल ठेवलं.

मग मोठ्या चाचण्या आल्या आणि हिरमोड झाला. २००९ मध्ये एमएससींच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. मुलांमध्ये मात्र फरक दिसत होता. २०१२ मध्ये कॅनडाने मुलांसाठी सशर्त मान्यता दिली, २०१५ मध्ये जपानने आपल्याकडच्या उत्पादनाला दिली, आणि अमेरिकेची मान्यता यायला डिसेंबर २०२४ उजाडलं. रेमेस्टेमसेल-एल नावाचं एमएससींचं औषध, दोन महिन्यांपुढच्या मुलांसाठी, स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी. वजनाच्या किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. चाचणीत ५४ मुलं होती आणि २८ व्या दिवशी ७० टक्क्यांनी प्रतिसाद दिला.

मी यात उगाच आशा वाढवू इच्छित नाही, पण ज्या वॉर्डात हे मूल झोपलेलं असतं तिथे ७० टक्के हा आकडा फार मोठा असतो. आणि उरलेल्या ३० टक्क्यांचं काय, हाच प्रश्न मला या लेपांकडे ओढून आणतो.

नीलपंख

वरच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. माझ्या भाच्याला हा आजार झाला होता. तेव्हा आम्हाला एवढं समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही. घाईत कानावर पडलेले शब्द मी फोनमध्ये टिपून घ्यायचे आणि रात्री शोधत बसायचे.

माझा प्रश्न साधा आहे. शिरेतून दिलेल्या या पेशी जातात कुठे? आतड्यापर्यंत पोचतात का?

मृण्मयी_त

नीलपंख, तुमच्या प्रश्नाइतका महत्त्वाचा प्रश्न या क्षेत्रात दुसरा नाही.

बहुतेक पेशी फुप्फुसात अडकतात. सोडवलेली एमएससी साधारण १५ ते ३० मायक्रोमीटरची, आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याहून बारीक. एका दिवसात बऱ्याचशा संपूनही जातात. तरी उपयोग होतो, हेच कोडं होतं. २०१७ मध्ये लंडनच्या एका गटाने त्याचा मोठा भाग उलगडला: रुग्णाच्याच मारक पेशी एमएससींना मारतात, आणि त्या मरणाऱ्या पेशी खाऊन भक्षक पेशी शांत होतात. ज्या रुग्णांच्या रक्तात एमएससींना मारण्याची ताकद जास्त, त्यांच्यात प्रतिसाद जास्त दिसला. म्हणजे त्यांचा मृत्यूसुद्धा औषधाचा भाग आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फ्लास्क हातात घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिले होते.

तेव्हा आतड्यापर्यंत पोचल्या नाहीत म्हणून उपचार वाया गेला असं नाही. त्या फुप्फुसातून निरोप धाडतात आणि तो निरोप नेणारे दुसरे असतात.

कडेकपारी

मग लेपाचा फायदा कसा मोजणार? पेशी एका दिवसात मरणारच असतील तर तीन आठवडे कुठे वाढल्या याने काय बिघडतं?

रक्तपेढी_रहिवासी

बिघडतं. एका दात्याच्या मज्जेतून हजारो डोस काढायचे म्हणजे पेशींना पुन्हा पुन्हा दुप्पट व्हावं लागतं. त्यात त्या थकतात, पसरट होतात, दाहाची चाहूल लागली तरी आयडीओ पुरेसं बनवत नाहीत. जुन्या चाचण्यांच्या अपयशामागे अति वाढवलेल्या पेशी आणि गोठवून लगेच दिलेल्या पेशी ही दोन कारणं बरेच जण पुढे करतात. वितळवल्यावर पहिला दिवसभर पेशी भांबावलेली असते, आणि नेमकी तेव्हाच आपण ती देतो. जिला एकच दिवस मिळणार आहे, तिने तरी तयार होऊन यायला हवं ना?

मृण्मयी_त

+१. 'तयार होऊन यायला हवं', अगदी हेच.

थकण्यावरूनच दुसऱ्या एका लेपाबद्दल सांगते. लेप म्हणण्यापेक्षा कोरीवकाम. ग्लासगोमध्ये डाल्बी आणि सहकारी प्लास्टिकवर १२० नॅनोमीटर रुंद आणि १०० नॅनोमीटर खोल खड्ड्यांची जाळी उमटवतात, खड्ड्याखड्ड्यांत अंतर ३०० नॅनोमीटर. खड्डे अगदी रांगेत असले की एमएससी आठ आठवड्यांपर्यंत आपलं मूळपण टिकवतात. तेच खड्डे रांगेपासून जास्तीत जास्त ५० नॅनोमीटर इकडेतिकडे सरकवले की पेशी हाडाकडे वळतात. रसायन तेच, फक्त रांग मोडली. आणि रांगेतल्या खड्ड्यांवर वाढलेल्या पेशींची टी पेशींना आवरण्याची ताकदही टिकून राहते, असं त्यांचं नंतरचं काम सांगतं.

याच शहरात सालमेरोन-सांचेझ यांचा गट पॉलिइथिल अ‍ॅक्रिलेटचा लेप वापरतो. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन एरवी दुमडलेलं असतं. या लेपावर पडलं की ते आपणहून उलगडतं आणि त्याचं जाळं विणलं जातं. उलगडल्यामुळे पेशीने धरायची जागा आणि वाढीचे घटक (पेशीला वाढीचा इशारा देणारी प्रथिनं) धरून ठेवायची जागा, दोन्ही शेजारी शेजारी उघड्या पडतात. मग अगदी थोडा वाढीचा घटकही पुरतो. हेपारिनच्या लेपामागचा विचार आणि हा विचार सख्खे भाऊ आहेत.

गुणवत्ता_कक्ष

उत्पादनाच्या बाजूने लिहिते. इथे सगळे विज्ञानाबद्दल बोलताहेत, पण लेप कारखान्यात आला की मला तो कच्चा माल म्हणून दिसतो.

हेपारिन येतं डुकराच्या आतड्यातून. २००८ साली हेपारिनमध्ये जादा सल्फेट घातलेलं कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतून मिळणारी एक साखरसाखळी) मिसळल्याचं उघड झालं आणि त्याने रुग्ण दगावले. नेहमीच्या तपासण्यांना ते सापडलंच नव्हतं, कारण ते वागायला हेपारिनसारखंच होतं. त्यानंतर तपासण्या बदलल्या. कोलॅजेन येतं गायीच्या कातडीतून किंवा उंदराच्या शेपटीतून. बॅचगणिक फरक पडतो. एका ठिकाणी काम करताना कोलॅजेनची नवी बॅच आली आणि महिनाभर पेशींचा आकारच बदलला. बाटलीवरचं प्रमाणपत्र दोन्ही बॅचना शब्दशः सारखं होतं! सगळ्यांनी आधी इन्क्युबेटर तपासला, मग पाणी, मग एकमेकांच्या वह्या. बाटलीचा संशय सगळ्यात शेवटी आला.

म्हणून माझं ठाम मत: लेप जितका साधा तितका रुग्णापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त. खड्ड्यांची जाळी मला म्हणूनच आवडते. तिला जनावर लागत नाही.

मृण्मयी_त

हे वाचून बरं वाटलं आणि टोचलंही, कारण माझं सगळं काम जनावराच्याच मालावर उभं आहे. पण मान्य. याला उत्तर म्हणून पूर्ण प्रथिनाऐवजी त्याचा लहानसा कामाचा तुकडा बांधतात. फायब्रोनेक्टिनमध्ये पेशी जिथे धरते तो तुकडा फक्त तीन अमिनो आम्लांचा, आरजीडी. १९८४ साली पियर्शबाकर आणि रुओस्लाती यांनी तो शोधला. तो प्रयोगशाळेत बनवता येतो, दरवेळी तसाच. आणि तो चिकटवायला पॉलिडोपामिन आहे: शिंपला खडकाला ज्या रसायनाने धरतो त्यावरून सुचलेला लेप, २००७ सालचा. किंचित अल्कधर्मी द्रावणात डोपामिन विरघळवायचं आणि वस्तू बुडवून ठेवायची. बघता बघता पाणी तपकिरी, मग काळपट होतं आणि जवळजवळ कशावरही थर बसतो.

सप्तपर्ण

मी विद्यार्थी आहे, उशिरा आलो. एक पुरवणी जोडतो. लेप फक्त प्रतिकारसंस्था शांत करायला वापरतात असं कोणाला वाटू नये. उलट दिशेनेही काम चालू आहे. रक्ताच्या मूलपेशीपासून टी पेशी बनते ती छातीतल्या थायमस ग्रंथीमध्ये, पेशीवरच्या नॉच या प्रथिनाला इशारा मिळाल्यावर. हा इशारा विरघळलेल्या रूपात नीट चालत नाही, तो पृष्ठभागाला घट्ट बसलेला असावा लागतो, कारण नॉचला ओढ बसल्याशिवाय तो उघडत नाही. म्हणून डिशला डीएलएल४ आणि व्हीकॅम-१ या दोन प्रथिनांचा लेप देतात आणि त्यावर मूलपेशी टी पेशीच्या वाटेला लागते. पूर्वी यासाठी उंदराच्या पेशींचा थर खाली अंथरावा लागे. आता थायमसचं काम लेप करतो. कर्करोगावरच्या कार-टी उपचारांसाठी (यात बदल केलेल्या टी पेशी कर्करोगाच्या पेशींवर सोडतात) अशा टी पेशी हव्याच आहेत.

धागाकर्तीला प्रश्न: लेपावरची पेशी 'तयार' आहे हे तुम्ही डोळ्यांनी कसं ओळखता? मला पुढच्या महिन्यात हे करायचं आहे.

मृण्मयी_त

सप्तपर्ण, फार चांगली भर घातलीत. ओढीचा मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला होता.

डोळ्यांनी ओळखायची माझी आवडती तपासणी काइन्युरेनिनची आहे. स्वस्त आणि खरी. साध्या प्लास्टिकवरच्या आणि लेपावरच्या पेशींना इंटरफेरॉन द्या. त्यांच्यावरचा मीडिया काढून घ्या, आम्ल घालून त्यातली प्रथिनं खाली बसवा, वरचं निवळ पाणी ९६ खणांच्या प्लेटमध्ये घ्या आणि त्यात एर्लिशचं द्रावण (काइन्युरेनिनला रंग देणारं रसायन) घाला. जिथे आयडीओने काम केलंय तिथे पिवळा रंग चढतो. मग यंत्रात ४९० नॅनोमीटरला आकडा घ्यायचा. इंटरफेरॉन न दिलेल्या पेशींचे खणही शेजारी ठेवा, नाहीतर पिवळं कशामुळे झालं ते सांगता येणार नाही. आणि आकडा पेशींच्या संख्येने भागायला विसरू नका. लेपावर पेशी जास्त वाढल्या तर रंग नुसत्या गर्दीनेही चढतो. मी एकदा त्यावर तीन आठवडे आनंदात होते.

एवढ्यावर थांबू नका, टी पेशींसोबत एकत्र वाढवून त्यांची वाढ खरंच अडते का तेही बघा. पण पहिल्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरा. एका बाजूचे खण फिकट आणि दुसऱ्या बाजूचे हळदीसारखे दिसले, तर मला इथेच येऊन कळवा.